पिल्लाचं रडणं

ऑरिन हॅस्केटची अस्वलाची शिकार म्हणजे खानावळ होती. लोखंडी पिंप साखळीने झाडाला बांधायचं, त्यात शिळे डोनट, काकवी आणि कुत्र्याचं खाणं भरायचं, आणि आपण समोरच्या झाडावर फळकूट ठोकून थर्मासातली कॉफी पीत बसायचं. अस्वल येतं, खातं, रोज येतं, आणि एक दिवस मरतं. कायद्याने चालतं ते. पण त्याची भावजय लिओटा त्याला शिकार म्हणायला तयार नव्हती.

"पंगत वाढतोस तू," ती म्हणायची. "जेवायला बोलावून मारणाऱ्याला काय म्हणतात, ते मी तोंडाने म्हणत नाही. पोरंबाळं ऐकतात."

"आणि तू काय करतेस वहिनी? रडून बोलावतेस. माझं गिऱ्हाईक निदान पोटभर खाऊन तरी जातं."

हे दरवर्षीचंच होतं. दीर-भावजयीचं भांडण नसेल तर टिंकर नाल्याच्या खोऱ्यात वसंत आला असं कुणाला वाटलं नसतं. पण त्या वर्षी मे महिना सरत आला तरी लिओटाच्या दारात अस्वलाचं कातडं लागलं नव्हतं, आणि ऑरिनने दोन मारून मीठ लावून ठेवली होती. तो रोज सकाळी कॉफीला यायचा आणि खुर्चीत नीट टेकायच्या आधीच विचारायचा, "काय वहिनी, पिपाणीला कुणी उत्तर दिलं का?"

पिपाणी म्हणजे वीतभर लांबीची, एल्क या थोराड हरणाच्या शिंगाची पोकळ नळी. एका टोकाला पातळ पत्ती. ती दातात धरून फुंकली की हरणाचं पाडस फाडून खाल्लं जातंय असा आवाज निघतो. नवख्या माणसाला ऐकवत नाही. शाळेतल्या बाईंनी एकदा ऐकून रस्त्यावर गाडी थांबवली होती आणि कुणाचं तरी लेकरू विहिरीत पडलंय म्हणून शेरीफला फोन केला होता. लिओटाला त्या गोष्टीचा फार अभिमान. ती गोष्ट ती लग्नकार्यातही सांगायची.

ही पिपाणी तिच्या सासूची, आयडेलाची. आयडेलाने तिला शिकवलं ते असं, की कोयोटी कोल्ह्याला दोन हाका मारून गप्प बसलं तरी चालतं, त्याच्या डोक्यात ती हाक राहते. अस्वलाचं तसं नाही. अस्वल येता येता विसरतं. मध्ये मिनिटभर आवाज थांबला की जिथं असेल तिथं बसतं आणि गवत खायला लागतं. म्हणून अस्वलासाठी फुंकायचं ते न थांबता. अर्धा तास, कधी पाऊण तास. नाकाने श्वास घ्यायचा, तोंडाने सोडायचा, रडणं तुटू द्यायचं नाही.

लिओटा एकोणसत्तर वर्षांची होती. दोन हिवाळे तिची छाती धरत होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलेलं तिला चाललं नसतं.

त्या वर्षी तिच्याबरोबर बसणार होती तिची सून, मार्लिस. बॉइसी शहरातली मुलगी. तीन वर्षांपूर्वी वेंडलशी लग्न करून खोऱ्यात आली आणि शाळेची बस चालवायला लागली. घाटातल्या त्या रस्त्यावर बर्फात चाळीस पोरं घेऊन बस काढणं हे काही खायचं काम नाही, पण लिओटाने त्याचं कौतुक कधी केलं नाही. तिने एवढंच बघितलं की सुनेला पाय नावाच्या गोड पदार्थाचं पीठ मळता येत नाही. "शहरात पाय दुकानात उगवतो," असं ती चारचौघांत म्हणायची, आणि मार्लिस हसून सोडून द्यायची. हसून सोडून देणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, याचा लिओटाला फार राग.

तर मार्च महिन्यात एकदा, भांडी पुसता पुसता, मार्लिसने आपणहून विचारलं, "आई, मला बोलवायला शिकवाल? मी परवाना काढीन. आधी एक तुमच्याबरोबर मारते, मग तुम्ही पिपाणी माझ्या हातात द्या."

"बघू," लिओटा म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी सगळे कामाला गेल्यावर तिने पिपाणी काढली, कोमट पाण्यात धुतली, तेल लावून पुसली, आणि बराच वेळ हातात घेऊन बसली. पोटच्या पोराने कधी विचारलं नव्हतं. वेंडलला त्या आवाजाने मळमळायचं.

*

कामाची वाटणी आयडेलाच्या वेळेपासून ठरलेली होती. बंदूकवाला पुढे, पडलेल्या झाडाआड. बोलवणारा चाळीस पावलं मागे, उंचावर, कारण अस्वल आवाजाकडे बघत येतं, बंदुकीकडे नाही. बंदूकवाल्याने आपलं डोकं चालवायचं नाही. रडणं चालू आहे तोवर थांबायचं. बोलवणारा वरून सगळं बघतो: नर आहे की मादी, मागे पिल्लं आहेत का, झाडावर काही हललं का. पिल्लांची आई असेल तर पिपाणी टाकून टाळ्या वाजवायच्या, ओरडायचं, तिला पळवून लावायचं आणि घरी यायचं. मारायचं असेल तर दोन आखूड फुंका. ठरवायचं बोलवणाऱ्याने, बोट फक्त दुसऱ्याचं.

पहिल्या दिवशी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी दालचिनीच्या रंगाचा एक मोठा नर समोरच्या उतारावर दिसला. पिवळ्या फुलांतून नाक वर करून, थांबत थांबत, चांगला निम्म्यावर आला. आणि लिओटाचा दम तुटला. खोकला आला तो आवरेना. तोंडावर टोपी दाबून ती खोकत राहिली, आणि नर खाली बसला, थोडं गवत खाल्लं, आणि बाजारातून परत जाणाऱ्या माणसासारखा सावकाश निघून गेला.

मार्लिस वर आली. पाण्याची बाटली पुढे केली.

"वारा फिरला," लिओटा म्हणाली.

"हो आई. मलाही लागला."

वारा फिरला नव्हता.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर लिओटा मागच्या पायरीवर बूट काढत होती. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत नळाचं पाणी चालू होतं आणि मार्लिस वेंडलशी बोलत होती.

"आईंचा दम पुरत नाही रे. बघवत नाही मला. उद्या मी ऑरिनकाकांच्या पिंपावर बसू का? आईंना सांगते माझा गुडघा दुखतोय म्हणून. म्हणजे त्यांना वाईट वाटायला नको."

"तू ओळखत नाहीस तिला," वेंडल म्हणाला. "तुझा गुडघा आवळून बांधेल आणि ओढत नेईल."

दोघं हसली. वाईट हसणं नव्हतं ते. लिओटाने आयुष्यभर टोमणे खाल्ले होते आणि दामदुपटीने परत केले होते. ऑरिनने तिला म्हातारी म्हटलं, थकलेली म्हटलं, फुटका भोंगा म्हटलं, तिने सगळं मजेत घेतलं. पण ही दया होती. दया दामदुपटीने परत करता येत नाही. एक बूट पायात, एक हातात, अशी ती किती तरी वेळ बसून राहिली.

सकाळी मार्लिसने तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "आज तिसरा दिवस. आज मिळतं. तुझा गुडघा बरा आहे ना?"

मार्लिस कानापर्यंत लाल झाली. "बरा आहे आई."

*

शनिवार होता, दुपार कलायला आली होती. दक्षिणेचा उतार, वर पाइनची रांग, मध्ये मोकळं रान. मार्लिस खाली पडलेल्या ओंडक्याआड आडवी झाली. लिओटा वर खडकामागे बसली आणि तिने पाडसाचं रडणं सुरू केलं.

पंधरा मिनिटं तिने ओढली. सोळाव्या मिनिटाला छातीत सुई टोचल्यासारखं झालं, डोळ्यांपुढे चांदण्या आल्या. अजून पाव तास आपल्याच्याने होणार नाही, हे तिला कळलं. खाली मार्लिसची वेणी दिसत होती. ती वेणी जरा हलली. वळून बघत होती की काय? पुन्हा पाण्याची बाटली घेऊन वर येणार होती की काय?

लिओटाने अंगठा पत्तीवर सरकवला, नळीच्या दुसऱ्या टोकावर तळवा धरला आणि दुसरा आवाज काढला.

हा आवाज घोगरा होता, खालच्या पट्टीतला. त्याला फार दम लागत नव्हता. तो मुळात तुटकच होता, हुंदके देत देत, मध्ये अडकत, पुन्हा सुरू होत. अस्वलाच्या पिल्लाचं रडणं. आयडेलाने तो तिला एकदाच काढून दाखवला होता, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, धान्याच्या कोठारात दार लावून. "हा तुला ओळखता यावा म्हणून काढला," ती म्हणाली होती. "चुकून तोंडातून गेला तर कळलं पाहिजे. पाडस फुंक, ससा फुंक. भुकेलं आहे ते खायला येईल, त्याचं त्याच्यापाशी. हा फुंकलास तर आई येईल. ती खायला येत नाही. या घरात हा कुणी फुंकत नाही."

सत्तेचाळीस वर्षांत लिओटाने तो फुंकला नव्हता. पण बोटांना येत होता. एकदा ऐकलेला आवाज बोटं विसरत नाहीत, ही तिची बढाई होती आणि ती खरी होती. नर अस्वलंही या आवाजाला येतात, ती मनाशी म्हणाली. पिल्लं खायला येतात. नरच येईल.

सहा मिनिटांत आलं.

पाडसाच्या आवाजाला येणारं अस्वल चोरासारखं येतं. वारा घेतं, वळसा घालतं, थांबतं, जिभेने नाक चाटतं. हे तसं आलं नाही. वरच्या झाडीतून काटक्या मोडत, सरळ, धावत आलं आणि मोकळ्या रानात येऊन थबकलं. काळं, हडकलेलं, थंडीतल्या केसांची लक्तरं अंगावर लोंबत होती. त्याने मान उंच केली आणि घशातून खालच्या आवाजात हुंकार दिला. एक, दोन, तीन. मध्ये जीभ टाळूला लावून टक् असा आवाज.

लिओटाने तो हुंकार शंभरदा ऐकला होता. आई पिल्लांना झाडावरून खाली बोलावते तो.

लिओटाने तिच्या मागे बघितलं, झाडी बघितली, झाडांचे शेंडे बघितले. पिल्लं नव्हती. काही हलत नव्हतं. पिल्लं बरोबर नसली तर कायद्याने चालतं. आणि ती मादी आता सरळ खडकाकडे बघत होती, म्हणजे लिओटाकडे. कान पुढे. राग नाही, भीती नाही. एक पाऊल पुढे आली, आणि पुन्हा हुंकार दिला, उत्तर मिळेल अशा बेताने थांबली.

टाळ्या वाजवायला दोन हात लागतात. लिओटाचे दोन्ही हात पिपाणीवर होते. खाली मार्लिसची मान वळली, तिने वर बघितलं, अगदी क्षणभर, आणि पुन्हा बंदुकीवर गाल टेकला.

लिओटाने दोन आखूड फुंका मारल्या.

*

एका गोळीत पडली. मार्लिसने बंदुकीतल्या उरलेल्या गोळ्या काढल्या, ती खाली ठेवली, आणि वर धावत येऊन सासूला मिठी मारली. तीन वर्षांत पहिल्यांदा. हसत होती आणि रडत होती. "आई, तुम्ही बोलावलंत! केवढी सरळ आली! काकांचं तोंड बघायचंय मला!"

"सोड आता, बरगड्या मोडशील," लिओटा म्हणाली.

कातडं काढायला उलटी केली तेव्हा मार्लिसचा हात थांबला. पोटावर सडांभोवतीचे केस झिजलेले होते. तिने बोटाने दाबलं. दूध आलं, निळसर, पातळ.

"आई." तिने बोट गवताला पुसलं. "आई, पिल्लं कुठायत हिची?"

मग त्यांनी शोधलं. ऊन उतरेपर्यंत शोधलं. मार्लिस एका अंगाला गेली, ओंडक्याखाली हात घालून, झाडाझाडाला मान वर करून, बसमध्ये झोपलेल्या लहान पोराला उठवताना काढतात तसा आवाज काढत. लिओटा दुसऱ्या अंगाला गेली आणि तिला सापडलं. एका जुन्या देवदाराखाली मूठभर काळी मऊ लोकर आणि बोटाएवढा जबडा, दातासकट. चार-पाच दिवसांपूर्वीचं असेल. एखाद्या नराचं काम. दर वसंतात होतं ते.

पण ती बघत राहिली ते त्याच्या भोवतालचं. झाडाभोवतीचं गवत तुडवून तुडवून चिखल झाला होता. खोडाची साल नखांनी निघाली होती, काही ताजी, काही जुनी. बुंध्याशी एका जागी अंग टाकून टाकून खळगा पडला होता. मादी इथेच होती चार-पाच दिवस. खायलासुद्धा लांब गेली नव्हती, म्हणून तशी हडकलेली. आणि आज कुठून तरी आवाज आला.

लिओटाने मार्लिसला हाक मारली आणि लोकर दाखवली.

"नराने खाल्ली. आधीच. आपल्यामुळे कुणी पोरकं झालं नाही."

मार्लिस मटकन खाली बसली. चेहऱ्यावरचा ताण गेला. "देवा. म्हणजे आपण काही वाईट नाही केलं."

"नाही."

"मला वाटलं आता रात्रभर झोप नाही." तिने हातमोज्याने नाक पुसलं. मग म्हणाली, "पण आई, आज आवाज मध्येच वेगळा लागत होता."

"वारा होता," लिओटा म्हणाली.

मार्लिसने तिच्याकडे बघितलं. "हो," ती म्हणाली. "असेल."

*

कवटी आणि कातडं दहा दिवसांत शिकारखात्याच्या कचेरीत दाखवावं लागतं. सोमवारी दोघी गेल्या. तिथल्या तरुण साहेबाने चिमट्याने बारीक दात उपटून पाकिटात घातला, वय कळावं म्हणून, आणि कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "दूध होतं?"

"होतं," मार्लिस म्हणाली आणि सगळं सांगितलं, लोकर, जबडा, किती वेळ शोधलं ते.

"मग तुमच्याकडून काहीच चूक झालेली नाही," तो म्हणाला. "इतकं कुणी शोधत नाही. खरं तर लोकांनी तुमच्याकडून शिकायला हवं, आजी."

"तुला विचारलं का मी?" लिओटा ताडकन म्हणाली. "दात काढ आणि सही कर. मोठा आला निवाडा करणारा."

साहेबाने सही केली. मार्लिसने गाडीत बसल्यावर विचारलं, "बिचाऱ्याने कौतुकच केलं ना आई? का खेकसलात?"

"मला कौतुक करणारी पोरं आवडत नाहीत."

खोटं. तिला कौतुक फार आवडायचं. आणि शनिवारपासून ते दारात चालून येत होतं. दुकानात लोक थांबवून हात मिळवत होते. या वयात! तिसऱ्याच दिवशी! वीस-बावीस मिनिटांत! मार्लिस ज्याला त्याला सांगत होती, "मी काही नाही केलं, बोट फक्त माझं." ऑरिन तर सकाळी कॉफीला येताना डोनटची खोकी घेऊन आला आणि टेबलावर ठेवून म्हणाला, "घे वहिनी. माझी खानावळ बंद. हरलो." तिने आयुष्यभर त्या शब्दाची वाट बघितली होती. तो ऐकून तिने खोकी दूर सारली.

"ठेव तिकडे," ती म्हणाली. "मला गोड चालत नाही."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

आणि पुढे बुधवार होता. बोलावून मारलेल्या अस्वलाचं पहिलं मांस त्या घरात असंच खात नसत. शेजारपाजार जेवायला बोलवायचा, मांस टेबलावर आलं की बोलवणाऱ्याने उभं राहायचं आणि ज्या आवाजाने ते अस्वल आलं तोच आवाज सगळ्यांसमोर काढायचा. मग जेवायचं. ही पद्धत आयडेलाची. फसवून आणलं ते लपवून खायचं नाही, असं ती म्हणायची. बाकीच्या घरांत खाण्याआधी प्रार्थना म्हणत. या घरात हे असायचं.

बुधवारी दुपारी लिओटा म्हणाली की तिचा दात दुखतोय. मार्लिसने लवंगेचं तेल आणून दिलं. मग म्हणाली पिपाणी सापडत नाही. मार्लिसने तिच्या कोटाच्या खिशातून काढून दिली.

जेवायला नऊ माणसं होती. अजून उजेड होता, खिडक्या उघड्या होत्या. मांस दिवसभर कांदा आणि सफरचंद घालून मंद आचेवर शिजलं होतं. मक्याचा पाव, घेवडा, हकलबेरीचा मुरंबा. सगळं लिओटाच्या हातचं, आणि गोडाचा पाय मार्लिसच्या हातचा, अस्वलाच्याच चरबीत मळलेला. कडा जरा जास्त भाजल्या होत्या. लिओटा त्यावर काही बोलली नाही, तेव्हा वेंडलने आईकडे वळून बघितलं.

"चला वहिनी," ऑरिन म्हणाला. "ऐकू दे, त्या अस्वलाला काय ऐकवलंस ते."

लिओटा उभी राहिली. तिने पिपाणी दातात धरली. अंगठा कुठे सरकवायचा ते अंगठ्याला माहीत होतं. तो सरकला नाही. तिने पाडसाचं रडणं काढलं. लांब, उंच, स्वच्छ. गेल्या दहा वर्षांत इतकं चांगलं निघालं नसेल.

लोकांनी टेबलावर हात आपटले. ऑरिन म्हणाला, "हाच गं मार्लिस? याच्यावर आली?"

मार्लिस आपल्या ताटात बघत होती. तिने मिठाची बाटली उचलली, ठेवली.

"हाच," ती म्हणाली.

तिचे कान लाल होत होते. खाली मान, वर लाल कान. तिला खोटं बोलता येत नव्हतं, आणि सासूसाठी ती नऊ माणसांत बोलली होती. लिओटाला कळलं की हिला माहीत आहे. देवदाराखाली बसली होती तेव्हापासून माहीत आहे. आणि ही मला सांभाळून घेते आहे, जशी गुडघा दुखतो म्हणणार होती तशी.

"हा नव्हता," लिओटा म्हणाली.

कुणीतरी हसलं, गंमत समजून.

"हा नव्हता. गप्प बसा. पंधरा मिनिटं हा फुंकला आणि मला दम पुरेना. मग मी पिल्लाचं रडणं फुंकलं. अस्वलाच्या पिल्लाचं." तिचा आवाज तिला वाटला होता तितका मोठा निघाला नाही. "ती खायला नाही आली. तिची पिल्लं मेली होती आणि तिला वाटलं जिवंत आहे एखादं. तिने उत्तर दिलं. मी ऐकलं, मला कळलं ती कोण आहे ते. आणि मी दोन फुंका मारल्या."

ती ऑरिनकडे वळली. त्याच्या टोमण्याची तिला जवळजवळ आस लागली होती. रडून बोलावतेस, म्हण. मी पंगत वाढतो तर तू काय करतेस, म्हण. पन्नास वर्षं ज्या तोंडाला लगाम नव्हता ते तोंड उघडलं, "वहिनी," म्हणालं, आणि मिटलं. त्याने नजर खाली घातली. वेंडल खिडकीबाहेर बघत होता. मांसावरची वाफ विरत चालली होती.

"मला आवाज वेगळा लागला होता," मार्लिस म्हणाली. अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "म्हणून मी वर बघितलं. मला वाटलं तुम्ही टाळ्या वाजवाल."

"बघितलं मी तुला."

"सांगितलं असतंत तर मी मारलं नसतं, आई."

"म्हणूनच नाही सांगितलं," लिओटा म्हणाली.

तेच खरं होतं, सगळ्याच्या तळाशी, आणि ते तिलाही बोलल्यावरच कळलं. दम नाही, वारा नाही, कायदा नाही. पोर थांबली असती. पोर थांबली असती आणि दोघी पुन्हा रिकाम्या हातांनी घरी आल्या असत्या, आणि तिने पुन्हा पाण्याची बाटली पुढे केली असती.

लिओटा अजून उभीच होती. बसावं की जावं ते तिला सुचत नव्हतं. त्या घरात ती आल्यापासून हे तिला कधी ठरवावं लागलं नव्हतं.

मार्लिसने मांसाची थाळी आपल्याकडे ओढली. सुरी घेतली, कापायला लागली, जरा वेडेवाकडे तुकडे, आणि एकेकाच्या ताटात वाढत गेली. आधी ऑरिनच्या, मग शेजाऱ्यांच्या, मग वेंडलच्या. आयडेला गेल्यापासून त्या टेबलावर लिओटाने काटा उचलल्याशिवाय कुणी घास घेतला नव्हता. "जेवा आता," मार्लिस म्हणाली, "गार होतंय," आणि माणसं जेवायला लागली. लिओटाकडे कुणी बघितलं नाही.

शेवटचा तुकडा मार्लिसने तिच्या ताटात ठेवला. हसली नाही.

लिओटा बसली. नऊ माणसांच्या काट्यांचे आवाज येत होते, आणि तिने खाली मान घालून, सगळ्यांच्या मागून, पहिला घास घेतला.